बंधुभाव की भाऊबंदकी? आमच्या गटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, सुटली की गेटपाशी कोणी ना कोणी गाठतंच, काय हो ताई, तुम्ही लोकं त्या मागच्या खोलीत बसून करता तरी काय. स्कूटी काढता काढता किती सांगणार, आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गेटवर उभं राहून सांगायची तर सोयच नाही, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी या गटाची सेक्रेटरी, म्हणजे वही माझ्याकडे असते, बाकी पॉवर काही नाही. खाली आहे ते आमच्या गटाचं, माझ्या नजरेतून. दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, थोडं वेगळं चालत असेल.

तुम्ही म्हणजे नेमके कोण? एनजीओ आहे का ही?

नाही हो. आम्ही चौदा जण, सगळे प्रपंचातले. एक भाऊ रेल्वेतून रिटायर झालेले, एक ताई नर्स, एक दादा ऑटो चालवतात, दोघी शिक्षिका, एक मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, असे. फादर नाही, सिस्टर नाही, पगार नाही, ऑफिस नाही. गट चालतो सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पद्धतीनं, लोकं शॉर्टमध्ये एसव्हीपी म्हणतात. एका पॅरिशच्या गटाला तिथे 'कॉन्फरन्स' म्हणतात, आणि हा शब्द ऐकून माझ्या जावेला वाटलं होतं की आम्ही हॉटेलात एसी हॉल घेऊन बसतो. पोरांना धर्मशिक्षण देतात ती कॅटेकिझमची खोली आहे, पहिलीच्या पोरांचे बाक, त्यात गुडघे अडकवून आमची कॉन्फरन्स.

व्हिन्सेंट कोण? आणि पॅरिसचं इथे नागपुरात काय काम?

इथे दोन माणसं आहेत आणि लोकं दोघांची गल्लत करतात. संत व्हिन्सेंट डी पॉल हे फ्रान्सचे धर्मगुरू, १५८१ चा जन्म, १६६० ला वारले. सोसायटी त्यांनी काढली नाही, त्यांच्या नावानं निघाली, तीही १७३ वर्षांनी. काढली कॉलेजच्या पोरांनी. फ्रेडरिक ओझानाम नावाचा मुलगा, २३ एप्रिल १८३३ ला पॅरिसमध्ये पहिली बैठक झाली आणि त्याच दिवशी तो वीस वर्षांचा झाला. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्यानं माणसं पटापट गेली होती. ही पोरं वादविवाद मंडळात धर्माची बाजू घेऊन भांडायची, तेव्हा समोरच्यांनी टोमणा मारला की तुमच्या धर्मानं पूर्वी केलं असेल मोठं काम, आज तुम्ही काय करून राहिले ते सांगा. उत्तर नव्हतं. मग त्यांनी उत्तर लिहीत बसण्यापेक्षा सिस्टर रोझाली रांदू यांना गाठलं, ज्या मूफतार भागातल्या गरीब वस्तीत कित्येक वर्षांपासून काम करत होत्या, आणि त्यांनी या शिकलेल्या पोरांना गरिबाच्या घरात कसं शिरायचं ते शिकवलं. ओझानाम पुढे सोरबॉनला प्रोफेसर झाले आणि १८५३ ला, चाळिशीतच गेले. १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसलाच त्यांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते सिस्टर रोझालीकडे जाणं. कारण आमच्याकडेही डिग्रीवाले होते पण शिकवलं एका दवाखान्यातून रिटायर झालेल्या आयामावशीनं. चप्पल बाहेर काढा. पाणी दिलं तर प्या, ग्लास कसाही असो. आणि घरात शिरल्याबरोबर नजर फिरवून सामान मोजू नका, लोकांना कळते. शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

बंधुभाव आणि दानधर्म एकच ना? उगाच दोन शब्द कशाला?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर लांब होणार, घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

नागपुरात 'बंधुता' हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता, दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी बघत आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि बाबासाहेबांनी १९५४ च्या रेडिओवरच्या भाषणात सांगितलंच होतं की हे तीन शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलले नाहीत, बुद्धाकडून घेतले. आमच्याकडे तोच शब्द दुसऱ्या दारानं आला. बायबलात मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे एकमेकांचे भाऊ. ऐकायला छान वाटतं पण मराठी माणसाला भाऊ म्हटलं की बांधाचं भांडण आधी आठवतं, बंधुभाव या शब्दाला जुळं आहे भाऊबंदकी. आणि दोन्ही एकाच घरात राहतात हे मी वीस वर्षं बघून राहिली.

दान सोपं आहे. तांदूळ घेतला, दिला, घरी आलो, रात्री झोप छान लागते. त्यात माझा हात वर आणि समोरच्याचा खाली, आणि वरच्या हाताला काही त्रास नसतो. भाऊ म्हटलं तर मला पण मागावं लागेल की कधीतरी. हे आम्हाला कसं कळलं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका भाऊंची कंपनी बंद पडली. त्यांनी सांगितलं नाही. पाच महिने ते आमच्यासोबत येत राहिले, दहा दहा किलोच्या थैल्या तीन माळे चढून दुसऱ्यांच्या घरी पोचवत राहिले, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी किराणावाल्याची उधारी वाढत चालली होती. मला कळलं ते त्या किराणावाल्याकडूनच, आम्ही गटाचं सामानही त्याच्याकडूनच घ्यायचो, तो सहज बोलून गेला. मी रडले नाही खोटं कशाला सांगू, मला राग आला, म्हणजे आम्ही कोण लागतो यांचे. संध्याकाळी घरी गेली तर ते म्हणाले, ताई, मी देणाऱ्याइच्या लिस्टमधला माणूस, मले घेणाऱ्याइच्या लिस्टमधी कसं टाकणार होते तुम्ही?

काय उत्तर देणार. वही काढून बघितली, पाच महिन्यांत आम्ही बावीस घरांना विचारलं होतं की कसं चाललंय, आणि आमच्यापैकी एकाला पण नाही. बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांमध्ये चौथ्या अध्यायात लिहिलंय की त्या पहिल्या लोकांत कोणी गरजवंत नव्हता. आम्ही ते वाक्य नेहमी बाहेरच्यांसाठी वाचायचो. ते 'त्यांच्यात' म्हणतं, आपसात.

तेव्हापासून बैठकीत प्रार्थना झाली की पहिला विषय हाच असतो, आपल्या घरी काय चाललंय. पहिले तीन-चार रविवार सगळ्यांचं 'सब ठीक'. मग एक दिवस नर्स ताईनं सांगितलं की मुलाच्या ॲडमिशनसाठी सोनं गहाण आहे आणि नवऱ्याला माहीत नाही. खोलीत पंख्याचा आवाज येत होता फक्त. त्या दिवशी आम्ही पुढचा अजेंडा केलाच नाही. त्या भाऊंच्या दोन पोरांची फी त्या वर्षी गटानं भरली, त्यांनी परत केली नाही, कोणी मागितली पण नाही, आणि ते अजूनही थैल्या उचलतात.

घरभेट म्हणजे काय करता?

जातो, बसतो, ऐकतो. नेहमी दोघं जातो. एकटं गेलं की वस्तीत कुजबूज होते, विशेषतः विधवा बाईचं घर असेल तर, आणि दोघं असले की एकाच्या कानातून सुटलेलं दुसरा पकडतो. पहिल्या भेटीला थैली नेत नाही. थैली घेऊन गेलं की सगळं बोलणं त्या थैलीकडे बघून होतं.

एक आजी होती मानकापूरकडे, एकटी. तीन महिने आम्ही इमानदारीनं तूर डाळ, तांदूळ, तेल नेऊन देत होतो आणि आजी पण हसून घ्यायची. चौथ्या महिन्यात बी.कॉम.वाली पोरगी सोबत आली, ती खाटेवर न बसता खाली बसली आणि तिला खाटेखाली आमच्याच थैल्या दिसल्या, बांधलेल्या. आजी शेजाऱ्यांना वाटत होती. आजीला खायला होतं, दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला सोबत जायला माणूस नव्हता. विचारलं काहून नाही सांगितलं, तर म्हणे तुम्ही विचारलंच नाही बाई, तुम्ही डाळच विचारली.

म्हणून आता आमचं निम्मं काम सोबतीचं आहे. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, जो पहिल्यांदा गेलाय त्याला विचारा, चिठ्ठी कुठे काढायची, एक्सरे कोणत्या बिल्डिंगमध्ये, रिपोर्ट कोणत्या खिडकीत, अर्धा दिवस यातच जातो. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, शिवनीकडून पेशंट येतात, सोबतचा माणूस कधी नागपूर न बघितलेला, त्याला रात्री झोपायचं कुठे हे पण माहीत नसतं. गाडगेबाबांनी पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या त्या उगाच नाही, त्यांना दिसलं होतं की आजाऱ्यासोबत आणखी एक जण उपाशी असतो. आमचे ऑटोवाले दादा सकाळच्या शाळेच्या फेऱ्या झाल्या की कोणाला तरी मेडिकलला सोडतात आणि मीटर टाकत नाहीत. मीटर तसं पण कोणी टाकत नाही नागपुरात, ते जाऊ द्या.

रोख पैसे का देत नाही?

शाळेची फी शाळेत, औषधाचे पैसे औषधवाल्याकडे, अशी साधारण पद्धत. पण हा नियम मला पूर्ण पटत नाही आणि ते मी बैठकीतही बोलते. गरिबाला पैसा सांभाळता येत नाही असं आपण धरून चालतो, आणि महिन्याला सात हजारात पाच माणसं चालवणारी बाई आपल्यापेक्षा चांगला हिशोब करते. एका घरी आम्ही सोयाबीन तेल नेलं तर बाई म्हणाली आम्ही फल्ली तेल खातो, थोडंच लागते पण तेच लागते. आमच्यातल्या एकाला राग आला, मागून वर नखरे म्हणून. मला नाही आला. गरीब झालं म्हणजे जीभ थोडीच गेली? यावर तोडगा असा निघाला की दोन ओळखीच्या किराणा दुकानांत गटाचं खातं आहे, घरची बाई जाऊन तिला हवं ते घेते, ठरलेल्या रकमेत. वाद अजून संपलेला नाही.

गटाकडे पैसा कुठून येतो? पावती मिळेल का?

मुख्य म्हणजे थैली. बैठकीच्या शेवटी एक कापडी थैली फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो आणि बाहेर काढतो. कोणी किती टाकलं कोणाला दिसत नाही, आणि ज्याच्याकडे त्या रविवारी काहीच नाही तो पण रिकामी मूठ घालतो. ही जगभर या सोसायटीची जुनी पद्धत आहे, डाव्या हाताला उजव्याचं कळू नये म्हणतात ना मत्तयमध्ये, तेच कापडात शिवलेलं. कंपनी बंद पडलेले ते भाऊ पाच महिने रिकामी मूठ घालत होते हे आम्हाला मागून कळलं. म्हणजे थैलीनं तिचं काम केलं, आम्ही आमचं नाही केलं.

बाकी चर्चच्या दारातली पेटी, ओळखीचे लोक, कोणाच्या वाढदिवसाचे. ८०जी ची पावती आम्ही देत नाही. ज्यांना टॅक्ससाठी हवी त्यांनी रजिस्टर्ड ट्रस्टला द्यावं, आणि तसंही दोन हजाराच्या वर रोख दिलं तर ८०जी मध्ये धरत नाहीत. हिशोब वहीत आहे, कोणी सदस्य कधीही बघू शकतो.

फक्त ख्रिस्ती लोकांनाच मदत करता का? की मदतीच्या नावाखाली धर्मांतर?

दोन्हीला नाही. आमच्या यादीत बौद्ध घरं आहेत, हिंदू आहेत, मोमीनपुऱ्याकडचं एक मुस्लिम घर आहे. थैलीत तांदळासोबत पुस्तिका जात नाही, चर्चला या असं सांगितलं जात नाही, कोणी स्वतःहून प्रार्थना करा म्हटलं तर करतो, नाही म्हटलं तर चहा पिऊन निघतो. भुकेल्या माणसाचं 'हो' हे 'हो' नसतं, त्याच्यावर कशाचा सौदा करणं म्हणजे त्याच्या भुकेचा फायदा घेणं. संशय येणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांनी एकदा सोबत भेटीला यावं.

नवरा दारू पितो अशा घरी राशन का देता?

कारण पोरं दारू पीत नाहीत.

फोटो का टाकत नाही? लोकांना कळलं तर मदत वाढेल.

वाढेल, खरं आहे. पण एका पोराला शाळेत चिडवलं होतं, कुठल्या तरी वाटपाच्या फोटोत त्याची आई दिसली म्हणून, तो आठ दिवस शाळेत गेला नाही. वहीत पण आम्ही नाव लिहीत नाही, घराला नंबर आहे. बैठकीत बोललेलं खोलीबाहेर जात नाही, नवऱ्याला पण नाही, बायकोला पण नाही. माझा नवरा अजून विचारतो.

गटात भांडणं होतात का?

होतात म्हणजे काय. दोन सदस्य एका नाताळच्या केकवरून दीड वर्ष बोलत नव्हते, आणि दोघं शेजारी बसून शांतीची प्रार्थना म्हणायचे.

आमचा एक नियम आहे, मत्तयच्या अठराव्या अध्यायातला, कोणाचं चुकलं वाटलं तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगायचं, नाहीच ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जायचं, आणि त्यानंतर सगळ्यांसमोर. आपल्याकडे क्रम बरोब्बर उलटा असतो, आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग चर्चच्या गेटवर, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी कळते. नियम पाळला जातो असं म्हणणार नाही. पण मोडला की कोणीतरी आठवण करून देतं, एवढं झालंय.

मोठं भांडण झालं ते यादीवरून. रेल्वे आणि कामठीची छावणी, यामुळे इथल्या चर्चमध्ये कुठून कुठून लोकं आली, तामिळ, मल्याळी, गोव्याची, छत्तीसगडची, आणि आपली मराठी. एक दिवस हिंदी बोलणाऱ्या घरातली एक काकू उभी राहिली आणि म्हणाली की तुमच्या यादीतली सगळी घरं तुमच्याच बोलीची आहेत, छत्तीसगडहून मिस्त्रीकामाला आलेल्या लोकांकडे कोणी जात नाही. आम्हाला झोंबलं. मी वही उघडून सफाई द्यायला लागली आणि वहीनंच मला खोटं पाडलं.

मग फादरनी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचायला लावला. तिथे पण हेच, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर. आणि उपाय म्हणून जी सात माणसं निवडली त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच हातात दिलं! हे मी आधी शंभरदा वाचलं असेल, नावांकडे कधी बघितलंच नव्हतं. आम्ही ती काकूच यादीची प्रमुख केली. पहिल्या महिन्यात तिनं माझ्या दोन ओळखीची घरं काढून टाकली, आणि बरोबर काढली.

आणि जात?

आपण म्हणतो बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात बुडाली. स्थळं बघायला निघालो की पोहून वर येते. एवढंच सांगते की आमच्या गटात जेवण एकमेकांच्या घरी फिरतं असतं, महिन्याला एक घर, आणि पहिल्या वर्षी काही जणांना नेमकं ठरावीक घरांच्या वेळीच बरं नसायचं. कोणी काही बोललं नाही. रेल्वेवाले भाऊ फक्त म्हणाले, ज्याची तब्येत बिघडली त्याच्याकडे आपण सगळे डब्बा घेऊन जाऊ, त्याच घरचा. दोनदा गेलो. मग तब्येती सुधारल्या.

ही सरकारची जबाबदारी नाही का? तुम्ही मलमपट्टी करता, मूळ रोग तसाच.

कॉलेजमधल्या पोरांचा हा आवडता प्रश्न आणि ते चूक नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये प्रापंचिक लोकांच्या कामावर एक दस्तऐवज काढला, त्यात हे साफ लिहिलंय की न्यायानं जे द्यायचंच आहे ते दान म्हणून देऊ नका. हे आम्ही एका बैठकीत वाचलं आणि मी घरी गेली तर माझ्याकडची भांडेवाली मावशी ओट्यापाशी उभी. चार वर्षांत तिचा पगार मी एक रुपया वाढवला नव्हता, महिन्याला दोन सुट्ट्या घेतल्या तर कापत होती, आणि दर नाताळला साडी देऊन मोठी झाली होती. साडी तिच्याच पैशाची होती, हिशोब केला तर. आता पगार वाढवलाय, सुट्टीचे कापत नाही. साडी ती म्हणाली नको, कुकर द्या.

तर हो, कागदाचं काम पण करतो. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, राशन कार्डात नाव चढवणं, हयातीचा दाखला, सेतूच्या लाइनीत उभं राहणं. एक गोष्ट मात्र लाइनीत उभं राहून सुटत नाही. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती झालेले आजही बाहेर. एकाच आजोबांची नातवंडं, एका घरी स्कॉलरशिप आहे आणि शेजारच्या घरी नाही. त्या शेजारच्या घराची फी आम्ही भरतो, आणि भरताना मला माहीत असतं की ही मलमपट्टीच आहे.

नाताळला ब्लँकेट वाटप करायचं आहे, तुमच्या गटामार्फत करता येईल का?

तुमचा भाव चांगला आहे, पण ऐका. १६१७ मध्ये व्हिन्सेंट डी पॉल शातियों नावाच्या गावी होते, एक अख्खं घर आजारी पडलंय हे त्यांनी प्रवचनात सांगितलं, आणि दुपारी बघतात तर गावच्या बायकांची रांग लागलेली, प्रत्येकीच्या हातात जेवण. सगळ्यांना भरून आलं असेल, यांना मात्र दिसलं की आज हे एवढं सडणार आणि परवा परत उपास. मग त्यांनी पाळ्या लावल्या, कोण कोणत्या दिवशी शिजवणार ते ठरवलं, आणि त्यातून त्यांचं पहिलं सेवामंडळ उभं राहिलं.

आमचा डिसेंबर तसाच असतो. एका वस्तीत एका आठवड्यात तीन ठिकाणून ब्लँकेट येतात, लोक दोन ठेवून एक विकतात, आणि बरोबरच करतात. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा कोणी येत नाही. जुलैत पाऊस लागला की मिस्त्रीकाम बंद, रोजी बंद, आमच्या वहीत सगळ्यात जास्त चिठ्ठ्या त्या महिन्यात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या कूलरची ताटी बदलून दिली तर ते ब्लँकेटच्या दहापट. तर पैसे आत्ता द्या, खर्च जुलैत करू द्या, आणि नाताळला त्यातल्या एका घराला तुमच्या घरी जेवायला बोलवा. हे शेवटचं सांगितलं की बरेच जण नंतर कळवतो म्हणतात.

मी दुसऱ्या मंडळीचा आहे, किंवा ख्रिस्तीच नाही. येऊ शकतो का?

या. भेटीला, सोबतीला, डब्ब्याला कोणीही चालतं. आमच्यासोबत सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीच्या, एक बाई दर महिन्याला येतात, त्यांच्याकडे उपासना असते आमच्याकडे मिस्सा, डाळ दोघांची एकच शिजते. आणि हे आपल्या मराठीत काही नवीन नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला होता, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही बसतील असा त्यांचा विचार होता. दोन वर्षांत ते गेले आणि ते राहून गेलं. टिळक त्याआधी नागपुरातच होते, आणि त्यांच्या हाती नवा करार पडला तो इथून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, एका अनोळखी प्रवाशाकडून. आमचे रेल्वेवाले भाऊ ही गोष्ट दर वर्षी सांगतात, जसं काही तिकीट त्यांनीच फाडलं होतं.

फादर काय करतात गटात?

मार्गदर्शन, आणि आम्ही फार शहाणपणा केला की खोकला. मत देत नाहीत.

किती वेळ द्यावा लागतो? मला नोकरी आहे, पोरं आहेत.

बैठक आठवड्याला एक तास, भेट आठवड्याला एक. नाही जमलं तर नाही जमलं, सांगा फक्त. जे खूप जोशात येतात, पहिल्याच महिन्यात पाच घरं मागतात, ते सहाव्या महिन्याला दिसत नाहीत. दोनच घरं घ्या आणि दहा वर्षं जा. मी एका घरी अकरा वर्षांपासून जाऊन राहिली, आता तिथे द्यायचं काहीच नाही, पोरगा कमावतो, तरी जाते. मागच्या वर्षी माझा पाय मोडला तेव्हा ती बाई तीन आठवडे मला डब्बा देत होती, आलूवांगं आणि पोळ्या, आणि पहिल्या दिवशी तो डब्बा हातात घेताना मला जे झालं ते सांगता येत नाही. लाज वाटली आधी. मग खाल्लं. मीठ जास्त होतं.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

पाण्याची बाटली, आणि उन्हाळा असेल तर दुपट्टा. चप्पल पटकन काढता येईल अशी घाला, बूट नको, दारात लेस सोडत बसलं की घरवाल्यांना उगाच वाट बघावी लागते. फोन सायलेंटवर. रविवारी दुसरी मिस्सा सुटली की साडेदहाला, मागच्या खोलीत, डावीकडचा तिसरा बाक हलतो त्यावर बसू नका.